पाय आमचा, बोलणार दुभाषा!

हाताच्या गियरची नवी गाडी घेतलेल्या माणसाला आजकाल एक वाक्य हमखास ऐकून घ्यावे लागते : "तुमचा क्लच चुकतोय." दुसऱ्यावरून तिसऱ्या गियरात जाताना गाडीने हिसका दिला, की क्लच चुकला. घाटात ट्रकच्या पुढे काढायला पाय दाबला आणि गाडी क्षणभर ढिम्म राहिली, की गियर चुकला. वीस-बावीस हजार किलोमीटरांत क्लच प्लेट जळली, की सवयच चुकीची. गाडी कधीच चुकत नाही. चुकतो तो चालवणारा! चाळीस वर्षे ॲम्बॅसॅडर, ट्रॅक्स आणि मारुती घेऊन चोर्ला, आंबोली आणि अनमोड पालथे घातलेली आमच्या पिढीतली माणसेदेखील हे वाक्य मान खाली घालून ऐकतात आणि घरी येऊन मुलाला म्हणतात, "आता वय झालं रे, गाडी तूच चालव."

मला हे वाक्य मान्य नाही. बेळगावात मोटारगाडीचे यंत्रशास्त्र शिकवण्यात माझी एकतीस वर्षे गेली. त्या अनुभवाच्या आधारे मी स्पष्टच सांगतो. नव्या गाड्यांत पायाची आज्ञा आणि इंजिनाची कृती यांच्यामध्ये उशीर आहे, आणि तो कंपनीने जाणूनबुजून ठेवलेला आहे. त्यामागे काही कारणे चांगली आहेत, काही कंपनीच्या सोयीची आहेत, आणि काही निव्वळ धंद्याची आहेत. कारणे कोणतीही असोत. असा उशीर आहे हे ग्राहकाला न सांगणे, आणि त्याचे परिणाम दिसू लागले की ग्राहकाच्याच पायाला बोल लावणे, हा उघड अन्याय आहे. तो सोसण्याचे काही कारण नाही.

आधी मुद्दा नीट समजून घेऊ, कारण अर्ध्या माहितीवर भांडणारा माणूस शोरूममध्ये पाच मिनिटांत गार होतो.

१९८३च्या डिसेंबरात पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली तेव्हा तिची रेस म्हणजे एक साधी तार होती. तारेचे एक टोक पायाखालच्या पेडलला, दुसरे कार्बुरेटरच्या झडपेला. पाय एक बोटभर दबला की झडप तेवढी उघडे, इंजिनात हवा जाई, हवेबरोबर पेट्रोल जाई. पाय उचलला की स्प्रिंग झडप मिटवी. मध्ये कोणी नाही. पुढे कार्बुरेटर जाऊन पेट्रोल इंजेक्शन आले, तरी बरीच वर्षे तार राहिलीच. मग तार गेली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस बीएमडब्ल्यूच्या बारा सिलिंडरांच्या ७५० या श्रीमंती गाडीत आलेली इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पद्धत पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या मध्यमवर्गी गाड्यांपर्यंत झिरपली.

या पद्धतीत पेडलखाली तार नसते, दोन सेन्सर असतात. पाय किती दबला ते दोघेही विजेच्या दाबाच्या रूपात गाडीच्या संगणकाला कळवतात. दोघे अशासाठी, की एक खोटे बोलू लागला तर दुसऱ्याच्या साक्षीवरून संगणकाला ते कळावे. संगणक विचार करतो आणि थ्रॉटलच्या झडपेवर बसवलेल्या छोट्या मोटरला हुकूम सोडतो. ती मोटर झडप फिरवते. झडपेवर पुन्हा दोन सेन्सर. साक्षी जुळल्या नाहीत तर संगणक गाडीची ताकद आखडून ती कशीबशी गॅरेजपर्यंत जाईल अशी व्यवस्था करतो. डिझेल गाडीत झडपेऐवजी इंधनाचे मोजमाप बदलते. पण पायाचे म्हणणे तिथेही आधी संगणकाच्याच कानावर जाते.

म्हणजे पाय आणि इंजिन यांच्यामध्ये आता एक दुभाषा आलेला आहे.

दुभाषा म्हणजे काय, हे आम्हा सीमाभागातल्या लोकांना कोणी शिकवायला नको. घरात मराठी, कचेरीत कानडी आणि बँकेच्या कागदावर इंग्रजी, असा आमचा रोजचा संसार. दुभाषाचे दोन प्रकार आम्हाला पक्के ठाऊक आहेत. एक जण तुम्ही बोललात तेच समोरच्याला सांगतो. दुसरा तुमचे म्हणणे साहेबांना रुचेल अशा बेताने मऊ करतो, दोन शब्द गाळतो, एक पदरचा घालतो, आणि वर तुम्हालाच सांगतो, "तुम्ही असं बोललात म्हणून काम झालं नाही." नव्या गाडीतला दुभाषा या दुसऱ्या जातीचा आहे. दुभाषा असण्याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो त्याने आपले पदरचे शब्द आमच्या नावावर खपवण्याला.

*

हा दुभाषा नेमके काय करतो?

पहिली गोष्ट, पाय एकदम दाबला तर तो झडप एकदम उघडत नाही. इंजिनापासून चाकापर्यंत गियर, सांधे आणि शाफ्ट यांची साखळी असते आणि त्या प्रत्येकात केसभर मोकळी जागा असते. ताकद अचानक आली की ही सगळी मोकळी जागा एका दमात भरून निघते, "ठक्" असा आवाज होतो आणि गाडी पाळण्यासारखी पुढेमागे हिंदकळते. ते टाळण्यासाठी संगणक ताकद हळूहळू चढवतो. हेतू वाईट नाही. मागे बसलेल्या आजीचे डोके पुढच्या सीटवर आपटू नये, हे कोणालाही पटेल. पण किती हळू, हे कंपनी ठरवते.

दुसरी गोष्ट याच्या उलट, आणि गियर बदलण्याच्या दृष्टीने अधिक त्रासाची. पाय उचलला तरी इंजिनाचे फेरे लगेच उतरत नाहीत. झडप एकदम मिटली तर इंजिनाच्या हवेच्या नळीत निर्वात वाढतो, नळीच्या भिंतीला चिकटलेले पेट्रोल भसकन वाफ होऊन आत ओढले जाते, हवा कमी पडते आणि ते अर्धवट जळून धुराड्यातून बाहेर येते. बरे, पेट्रोल पूर्ण तोडावे तर नुसती हवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाते, तिथे प्राणवायू साठतो आणि नंतर काही वेळ नायट्रोजनच्या विषारी वायूंचा बंदोबस्त नीट होत नाही. म्हणून संगणक झडप सावकाश मिटवतो. काही गाड्यांतले जड फ्लायव्हील त्यात भर घालते. परिणाम असा, की तुम्ही पाय उचललात, क्लच दाबलात, तरी इंजिन आपले वरच्या सुरातच गुणगुणत राहते.

आता याचा गियरशी संबंध पाहा. समजा, गाडीच्या दुसऱ्या गियरचे प्रमाण १.९ आहे आणि तिसऱ्याचे १.३. दुसऱ्यात इंजिन मिनिटाला २,५०० फेरे घेत असताना तुम्ही तिसरा टाकलात, तर गाडीच्या त्याच वेगाला इंजिनाने साधारण १,७०० फेऱ्यांवर यायला हवे. गियरबॉक्सच्या आतले सिंक्रोमेश गियरांचा वेग जुळवते. इंजिनाचा वेग जुळवणे त्याचे काम नाही. ते क्लचला करावे लागते. तारेच्या गाडीत पाय उचलल्याबरोबर फेरे घसरू लागत, आणि हात दुसऱ्यातून तिसऱ्यात जाईपर्यंत इंजिन आपसूक १,७००च्या आसपास येई. क्लच सोडला की गाडी लोण्यातून सुरी जावी तशी पुढे जाई. त्या वेळेचा अंदाज आमच्या पायात मुरलेला होता. तो कोणी घड्याळ लावून शिकवला नव्हता.

नव्या गाडीत त्याच अंदाजाने क्लच सोडला तर इंजिन अजून २,४००वर असते. उरलेल्या सातशे फेऱ्यांचा फरक कुठे तरी जिरायलाच हवा. क्लच झटकन सोडला तर तो हिसक्यातून गाडीत जिरतो. हळू सोडला तर घर्षणातून प्लेटमध्ये जिरतो. म्हणजे चालवणाऱ्याने दोनपैकी एक निवडायचे : घरच्यांचा मार किंवा क्लच प्लेटचा खर्च!

खाली उतरताना, म्हणजे तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना, उलटा प्रकार. फेरे १,७००वरून २,५००वर चढवायला आमचे जुने चालक क्लच दाबलेला असताना रेसला एक हलकी टिचकी मारत. जुन्या ॲम्बॅसॅडरच्या पहिल्या गियरला सिंक्रोमेश नव्हता. चालत्या गाडीत तो टाकायचा तर ही टिचकी यायलाच हवी, नाहीतर गियरबॉक्स साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा कण्हे. नव्या दुभाषाला ही टिचकी कळतच नाही. "पाय चुकून लागला असेल," असे समजून तो ती अर्धी गाळतो.

इथे एक घोटाळा दूर करायला हवा. पाय दाबल्यावर गाडी न उचलण्याची तीन कारणे असू शकतात आणि सर्व्हिस सेंटरवाले तिन्हींची एकच खिचडी करून ग्राहकाला वाढतात. पहिले, पेडलचा इलेक्ट्रॉनिक उशीर. दुसरे, टर्बोचा उशीर : धुराच्या जोराने फिरणारा पंखा वेग घेईपर्यंत लागणारा वेळ. तिसरे, फेरे फार खाली असताना वरचा गियर टाकलेला असणे. तिसऱ्या कारणात दोष खरोखर चालवणाऱ्याचा असतो आणि खालचा गियर टाकला की तो मिटतो. पण गाडी उभी आहे, न्यूट्रलमध्ये आहे, इंजिन तापलेले आहे, आणि रेसला झटकन टिचकी मारली तरी इंजिन आधी विचार करून मगच हुंकार देते, पाय उचलला तरी फेरे रेंगाळत उतरतात, असे असेल तर तिथे टर्बोचा किंवा तुमच्या गियरचा संबंध नाही. तो दुभाषा आहे. ही परीक्षा शोरूमच्या दारात अर्ध्या मिनिटात घेता येते. गाडी घेण्यापूर्वी जरूर घ्या. चहा नंतर प्या.

*

कंपन्यांचे पहिले उत्तर ठरलेले असते : "प्रदूषणाचा कायदा आहे, साहेब. आम्ही काय करणार?"

कायद्याच्या बाजूने मी आधीच उभा आहे. १९९५च्या एप्रिलपासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचे झाले. १ एप्रिल २०१७ला बीएस-४ हे मान देशभर लागू झाले. मग मधले पाचवे मान ओलांडून १ एप्रिल २०२०ला थेट बीएस-६ आले, आणि एप्रिल २०२३पासून गाडी प्रयोगशाळेत नव्हे तर खऱ्या रस्त्यावर किती विष सोडते तेही मोजायचे ठरले. हे सगळे योग्य झाले. खडे बाजारात किंवा कॉलेज रोडवर संध्याकाळी ज्याने श्वास घेतला आहे, तो या कायद्याविरुद्ध बोलणार नाही. माझ्या गियरच्या सुखासाठी पोरांच्या छातीत धूर भरावा असे मी म्हटले तर माझ्यासारखा स्वार्थी मीच.

पण कायद्याच्या आडोशाला किती माल लपवायचा याला काही मर्यादा? पाय उचलल्यावर फेरे रेंगाळतात त्यातला बराच भाग कायद्यापायी आहे, हे मान्य. पाय दाबल्यावर गाडी रेंगाळते त्याचे काय? त्यात आरामाचा, गियरबॉक्सचे आयुष्य वाढवण्याचा, आणि हमीच्या काळातला कंपनीचा खर्च वाचवण्याचा भाग आहे. पुरावा हवा? पुरावा कंपनीनेच डॅशबोर्डवर लावून ठेवला आहे. तीच गाडी, तेच इंजिन. पण महागड्या मॉडेलमध्ये "स्पोर्ट" नावाचे एक बटण असते. ते दाबले की तीच रेस एकदम हजरजबाबी होते. बटण दाबल्याने भारताचा कायदा बदलत नाही. मग बदलले काय? दुभाषाला दिलेली सूचना बदलली! म्हणजे झटपट उत्तर देणे शक्य होते, कायद्यातही बसत होते. फक्त त्यासाठी वरचे पैसे मोजायचे होते. आधी आमच्या गाडीत उशीर घालायचा आणि मग तो काढून टाकण्याला "सोय" म्हणून विकायचे, याला आमच्याकडे दुसरा शब्द आहे. दिवाळी अंकात तो लिहीत नाही.

याहून मोठा पुरावा असा, की हीच इलेक्ट्रॉनिक रेस गियर बदलायला मदतही करू शकते. निस्सानने ३७०-झेड या गाडीत २००९च्या मॉडेलपासून अशी सोय दिली, की हाताने खालचा गियर टाकताना संगणक स्वतःच नेमके तेवढे फेरे चढवतो. जी टिचकी मारायला आमच्या चालकांना दहा वर्षे लागत, ती संगणक पहिल्या दिवशी अचूक मारतो. आपल्याकडे २०२० साली ह्युंदाईने व्हेन्यू गाडीत क्लचचे पेडलच नसलेला हाताचा गियर आणला. क्लच दाबण्याचे आणि सोडण्याचे काम यंत्र करते. म्हणजे क्लच, रेस आणि गियर यांचे सूर जुळवण्याची विद्या कंपन्यांना येते. येत असून साध्या गाडीत ती वापरली जात नाही, आणि बेसूर झाला की तबलजीला दोष!

*

या सगळ्याची किंमत कोण मोजतो, ते पाहा.

माझ्या परिचयातल्या खानापूरच्या एका शिक्षकाने तीन वर्षांपूर्वी कर्ज काढून गाडी घेतली. बावीस हजार किलोमीटरांवर क्लच गेला. सर्व्हिस सेंटरने प्लेट उघडून दाखवली, जळकी होती, आणि निकाल दिला : "हाफ क्लचवर चालवता. हमीत बसत नाही." हा गृहस्थ आधीची गाडी एकाच क्लचवर ऐंशी हजार किलोमीटर चालवून विकलेला. त्यांच्याबरोबर मी गेलो. म्हटले, गाडीला स्कॅनर लावा आणि पेडलचा आलेख आणि थ्रॉटलच्या झडपेचा आलेख एकाच पडद्यावर दाखवा. पाय उचलल्यावर झडप केव्हा मिटते ते आपण सगळे मिळून बघू. स्कॅनर समोरच्या टेबलावर होता. तो लावला गेला नाही. "तशी पद्धत नाही," असे उत्तर मिळाले. पंधरा दिवसांनी शिक्षकांनी स्वतःच्या खिशातून पैसे भरले. त्या दिवसापासून त्यांच्या पत्नी त्यांच्या गाडीत बसताना "जपून हं," असे म्हणतात. पैशाचे दुःख एक वेळ विसरता येते, या "जपून हं"चे येत नाही.

आणि प्रश्न केवळ पैशाचा नाही. चोर्ल्यातून गोव्याला जाताना एखादा लाकडाचा ट्रक पुढे रांगतो. वळण संपते, सरळ तुकडा मिळतो, तुम्ही खालचा गियर टाकून ताशी ४० किलोमीटरने बाहेर निघता आणि पाय दाबता. समजा, उत्तर यायला अर्धा सेकंद लागला. तेवढ्या वेळात तुमची गाडी साडेपाच मीटर जाते. समोरून ताशी ६०ने येणारी गाडी आठ मीटरांवर जवळ येते. म्हणजे तुमच्या गाडीने वेग घ्यायच्या आतच समोरचे अंतर चौदा मीटरांनी, जवळपास तीन ॲम्बॅसॅडरच्या लांबीने, खाल्ले गेले. ज्याला हे आधीपासून ठाऊक आहे तो त्या बेताने निघेल किंवा निघणारच नाही. ज्याला कोणी सांगितलेच नाही, तो जुन्या गाडीच्या हिशेबाने निघेल. त्या माणसाला माहिती न देणे हे नुसते व्यापारी मौन नव्हे.

या अज्ञानावर दुसरा एक धंदा उभा राहिला आहे. "पिकप वाढवणारी" डबी काही हजार रुपयांना मिळते. पेडल आणि संगणक यांच्यामध्ये ती जोडायची, की गाडी वाघासारखी पळते, असे सांगतात. तरुण पोरे फशी पडतात. ही डबी करते एवढेच : पाय तीस टक्के दबलेला असताना संगणकाला पन्नास टक्के दबला असे कळवते. इंजिनाची ताकद एका घोड्यानेही वाढत नाही. संगणक ताकद चढवायला जो वेळ घेतो तोही तोच राहतो. पायाचा पूर्ण प्रवास करून जे मिळत होते ते अर्ध्या प्रवासात मिळते, इतकेच. एका लबाड दुभाषावर उपाय म्हणून त्याच्यापुढे दुसरा अतिशयोक्ती करणारा दुभाषा बसवायचा! वर गर्दीत हळू चालवताना गाडी अधिकच उड्या मारते आणि हमीवर पाणी सोडावे लागते ते वेगळे.

आता दोन आक्षेप. पहिला : "हे सगळे म्हाताऱ्यांचे रडगाणे. जुने ते सोने!" मुळीच नाही. जुनी तार पावसाळ्यात गंजे, अडके, आणि नको तिथे तुटे. जुन्या कार्बुरेटरलाही उशीर होता. झडप उघडताच हवा लगेच धावे आणि पेट्रोल मागे राही, म्हणून गाडी उचकी खाई. पण त्या काळच्या लोकांनी काय केले? कार्बुरेटरमध्ये एक छोटा पंप बसवला, जो पाय दाबताच पेट्रोलची एक चूळ आत सोडी. दोष ओळखला आणि त्यावर इलाज केला. नव्या पद्धतीचे गुणही मी शिकवत आलो आहे. चाक घसरू लागले की ताकद आखडणे, चढावर क्लच सोडताना इंजिन बंद पडू नये म्हणून स्वतःच फेरे सावरणे, ही कामे तारेला कधीच जमली नसती. मला दुभाषा हवा आहे. तो प्रामाणिक हवा आहे.

दुसरा आक्षेप : "मग ऑटोमॅटिक घ्या ना!" हे म्हणणाऱ्याने दोन्ही गाड्यांच्या किमती एका कागदावर शेजारीशेजारी लिहाव्यात. निपाणीचा तंबाखू-शेतकरी, उद्यमबागेतला फाउंड्रीचा कामगार, टॅक्सीवर घर चालवणारा सावंतवाडीचा पोरगा, हे हाताचा गियर हौसेने घेत नाहीत. परवडतो म्हणून घेतात. त्यांच्या गाडीत जे दिले आहे ते नीट चालावे, ही अपेक्षा चैनीची नाही. बोर्डिंगात आमटी पातळ झाली म्हणून तक्रार केली, तर "हॉटेलात जा" हे उत्तर होत नाही.

*

तक्रार करून थांबणाऱ्यांपैकी मी नाही. गाडी तर आज संध्याकाळीही चालवायची आहे, म्हणून शिकवण्याच्या सवयीने चार गोष्टी सांगतो.

वर जाताना गियर थोड्या कमी फेऱ्यांवर बदला, म्हणजे उतरायचे अंतर कमी राहते. पाय रेसवरून उचलणे आणि क्लच दाबणे एकाच क्षणी करू नका. रेस किंचित आधी सोडा, म्हणजे इंजिनाला गाडीचे ओझे असतानाच फेरे घसरायला लागतात. हात घाई करत असेल तर न्यूट्रलवर अर्धा क्षण थांबवा. खाली उतरताना रेसची टिचकी न मारता ती थोडी लांब, दाबून धरा. टिचकी गाळणारा संगणक लांब हुकूम गाळत नाही. पुढे काढायचे असेल तर योग्य गियर टाकून रेस बाहेर निघण्यापूर्वीच थोडी घेऊन ठेवा. आणि एवढे करूनही फेरे फारच रेंगाळत असतील, तर क्लच पेडलजवळचा स्विच, थ्रॉटल बॉडीवर बसलेला कार्बन आणि हवेच्या नळीची गळती आधी तपासून घ्या. क्लच दाबला आहे हे संगणकाला त्या स्विचवरूनच कळते. स्विच मुका झाला तर दुभाषाही बावचळतो.

महिनाभरात पाय नवी भाषा शिकतो. आम्ही सीमेवरची माणसे. नवी भाषा शिकायला आम्ही कधी नाही म्हटलेले नाही. पण भाषा बदलली आहे, एवढे तरी आधी सांगाल की नाही?

म्हणून माझ्या मागण्या चारच आहेत. एक : गाडीच्या पुस्तिकेत, मराठीत आणि कन्नडमध्ये, स्पष्ट लिहा की या गाडीत पाय उचलल्यावर फेरे उशिरा उतरतात आणि पाय दाबल्यावर ताकद टप्प्याटप्प्याने येते, गियर बदलताना काय करावे तेही लिहा. टेपरेकॉर्डर कसा लावायचा याला बारा पाने देता, याला एक द्या. दोन : रेसचा स्वभाव बदलण्याचे बटण सर्वात स्वस्त मॉडेललाही द्या; त्यात मुख्यतः संगणकातल्या ओळी लागतात, सोने लागत नाही. तीन : क्लचची हमी नाकारण्यापूर्वी स्कॅनर लावून पेडलचा आणि झडपेचा आलेख ग्राहकासमोर ठेवा. आरोप करणाऱ्याने पुरावा द्यावा, हा जगाचा न्याय आहे. चार : पुण्याची एआरएआय ही संस्था १९६६ पासून वाहनांच्या चाचण्या घेते, गाडीचे ॲव्हरेज मोजून जाहीर होते, २०२३ पासून धडकेच्या चाचणीचे तारेही मिळू लागले. त्याच तक्त्यात एक ओळ वाढवा : पाय दाबल्यापासून किती वेळात ताकद येते, आणि पाय उचलल्यापासून किती वेळात जाते. ज्या दिवशी तो आकडा छापून येईल, त्या दिवशी तो कमी करण्याची शर्यत कंपन्या आपोआप सुरू करतील. ॲव्हरेजच्या बाबतीत नेमके हेच झालेले आहे.

यातली एकही मागणी प्रदूषणाच्या कायद्याला धक्का लावत नाही, एकही गाडी लाखाने महाग करत नाही. तरी ती मान्य होत नसेल, तर कारण तांत्रिक नाही. ग्राहकाला दोष देणे हा सगळ्यात स्वस्त सुटा भाग आहे आणि तो प्रत्येक शोरूममध्ये कायम शिलकीत असतो. त्याची मागणी बंद करणे तेवढे आपल्या हातात आहे. पुढच्या खेपेला कोणी "तुमचा क्लच चुकतोय" म्हणाला, तर रागावू नका, लाजूही नका. शांतपणे म्हणा, "स्कॅनर लावा."